आईच्या स्मृतिदिनी पाहुण्यांची आणि सत्कारमूर्तींची ओळख कशी करून द्यावी?

कृष्णाकाठ · १४ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि मनावरचं थोडं ओझंही उतरवायचं आहे.

माझी आई ३१ वर्षं ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका होती. बदल्या होत राहिल्या, पण गाव कुठलंही असो, रात्री-अपरात्री "सिस्टर आहेत का?" म्हणून आमचं दार वाजायचंच. ती गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी तिच्या नावाने रुग्णसाहित्य केंद्र काढलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की ज्या वस्तू लागतात त्या तिथे मिळतात: फाउलर खाट (डोक्याची-पायाची बाजू वर उचलता येते ती), एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, गरज संपली की परत आणायची. भाडं घेत नाही. नवीन वस्तू देणग्यांतून येतात आणि बहुतेक देणग्या वर्षातून एकदा होणाऱ्या स्मृती कार्यक्रमात जमतात. तो आम्ही १२ मेला घेतो. जागतिक परिचारिका दिन. आई तो दिवस सणासारखा पाळायची.

गेल्या वर्षी निवेदन माझ्याकडे होतं. व्यासपीठावर सहा पाहुणे आणि तीन सत्कारमूर्ती. पाहुण्यांच्या ओळखीतच ५० मिनिटं गेली. एका पाहुण्यांचा तीन पानी परिचय आला होता, तो मी शब्दन् शब्द वाचला. ज्यांचा सत्कार होता त्या आशाताईंच्या (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) वाट्याला शेवटी एकच वाक्य आलं, "आरोग्य क्षेत्रात त्यांचं मोलाचं योगदान आहे." त्या बाई दोन एसट्या बदलून आल्या होत्या.

दुसरी गोष्ट मला अजून झोपू देत नाही. आमची खाट ज्या घरात वर्षभर होती, तिथली मुलगी नर्सिंगला गेली. तिचं कौतुक ठेवलं होतं. ओळख करून देताना मी माइकवर सांगून बसले की तिचे वडील दारूपायी अंथरुणाला खिळले होते. समोर तिच्या वर्गातली मुलं होती. तिने शाल घेतली, पायऱ्या उतरली आणि सरळ बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी माफी मागितली. "असू दे ताई," म्हणाली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

यंदा सत्कारमूर्ती तिघं आहेत. एक आशाताई (या दुसऱ्या गावच्या), एक रुग्णवाहिका चालक, आणि आईबरोबर काम केलेल्या निवृत्त आया, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो. पाहुण्यांत एक शल्यचिकित्सक आणि आम्हाला सर्वांत मोठी देणगी देणाऱ्या पतसंस्थेचे अध्यक्ष. आमदारसाहेब येतो म्हणालेत. ओळख कुणाची, किती, कुठल्या क्रमाने आणि मुख्य म्हणजे काय बोलून करून द्यावी?

---

खडूफळा · १५ एप्रिल, सकाळी ६:४५

ताई, शाळेत ३४ वर्षं गॅदरिंगपासून निरोप समारंभापर्यंत सगळ्याचं निवेदन केलं. त्या अनुभवातून लिहितो.

पाहुण्यांनी पाठवलेला परिचय कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर छापा. तो वाचायला असतो, ऐकायला नव्हे. माइकवर दोनच गोष्टी सांगा: हे कोण, आणि आईच्या कामाशी यांचा धागा कुठे जुळतो. शल्यचिकित्सकांच्या पदव्या चार असतील, पण "आई ज्या रुग्णालयात होती तिथून पाठवलेले रुग्ण हे तपासत" असं काही असेल तर तेवढं एक वाक्य पुरे. तसं काही नसेल तर ओढूनताणून नातं जोडू नका. नाव, काम, स्वागत.

नावं आदल्या दिवशी फोन करून त्यांच्याच तोंडून ऐका. आडनाव चुकलं की पुढचं कौतुक त्या माणसाच्या कानावर पडतच नाही. आडनाव कागदावर मोठ्या अक्षरात, तोडून लिहा.

कुणाला पद्म पुरस्कार असेल तर तो नावाआधी जोडून बोलू नका. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं आहे. "यांना अमुक साली पद्मश्री मिळाली" असं वेगळ्या वाक्यात सांगावं. हा नियम मोठमोठ्या व्यासपीठांवर रोज मोडला जातो.

आणि आईच्या नावाआधी काय लावणार? आपल्याकडे सरसकट 'कै.' लिहितात. वारकरी घरात 'वैकुंठवासी' म्हणतात, बौद्ध घरात 'कालकथित', मुस्लीम घरात 'मरहूम'. घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा. 'दिवंगत' कुणालाच खटकत नाही.

---

पंचगंगेची लेक · १५ एप्रिल, दुपारी १:१०

मी ओळखीच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल लिहिते, कारण तिथेच सगळं बिघडलेलं मी पाहिलं आहे.

एका स्मृती कार्यक्रमात सत्काराआधी तबक घेतलेली मुलगी रांगेने हळदीकुंकू लावत चालली होती. चौथ्या खुर्चीवरच्या बाईंपाशी ती थबकली आणि त्यांना ओलांडून पाचव्या खुर्चीकडे गेली. चौथ्या बाई विधवा होत्या. सत्कार त्यांचाच होता. त्यानंतर निवेदकाने त्यांची ओळख फार सुंदर करून दिली, पण त्या ऐकत नव्हत्या, मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत होत्या. सभागृहातल्या आम्ही बायकांनी ते बघितलं, आणि एकीनेही उठून तबक मागवलं नाही. मीही नाही. ते मला आजही लागतं.

माझ्या जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने, शिरोळ तालुक्यात, मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर राहतो की घरात येतो, हे अशा तबकापाशी कळतं.

तेव्हा एक तर हळदीकुंकू सगळ्यांना लावा, नाहीतर कुणालाच नको. फूल द्या. 'सौ.', 'श्रीमती', 'गं. भा.' हे काहीही नावाआधी लावू नका. आशाताई आशाताईच. दीपप्रज्वलनाला मावशींना पहिलं बोलवा. त्या विधवा असोत वा नसोत, तुमच्या आईच्या नावाने लावायच्या दिव्यावर त्यांचा हक्क पहिला.

---

ओंजळ · १५ एप्रिल, रात्री ९:३५

कृष्णाकाठ, त्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबले होते. मी एका संस्थेत मुलांबरोबर काम करते. जे तुमच्याकडून झालं ते आमच्याकडे व्यासपीठांवर वर्षानुवर्षं होत आलं आहे, आणि बहुतेक वेळा माफी मागायला कुणी जात नाही.

देणगी मागायची असते तेव्हा आपल्याला वाटतं, दुःख जितकं गडद सांगू तितके हात सैल होतील. पैसे जमतातही. पण ज्याचं दुःख आपण वापरलं तो माणूस घरी जाताना काय घेऊन जातो? बाबा आमटे दयेवर उभ्या राहिलेल्या मदतीला आयुष्यभर विरोध करत आले. आनंदवनात कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं शेती करतात, कापड विणतात, 'स्वरानंदवन'मध्ये गातात. तिथे त्यांची ओळख आजाराने होत नाही, हातातल्या कामाने होते. ओळख करून देताना हा फरक लक्षात ठेवला तरी अर्धी चूक टळते.

काही गोष्टींना तर कायदाच आड येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. मंचावर बोललेलं हल्ली संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फिरतं, त्यामुळे बालगृहातल्या मुलांना मंचावर बोलावून नावानिशी ओळख करून देणं टाळाच. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. "त्यांना चालेल" हे आपण ठरवायचं नसतं.

आम्ही एक पद्धत पाळतो. लिहिलेली ओळख त्या व्यक्तीला आधी पूर्ण वाचून दाखवायची, शक्यतो तिच्या घरी, निवांत. "यातलं काय काढू?" असं विचारायचं. "चालेल ना?" असं विचारू नका, त्याला संकोचाने "हो"च येतं.

दुःख सांगायचंच नाही असं नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र दरवर्षी डॉ. अनिता अवचटांच्या स्मृतीत 'संघर्ष सन्मान' देतं. पुरस्काराच्या नावातच झगडा आहे. तिथे झगड्याबद्दल बोलणं हाच सन्मान असतो, कारण तो सन्मान घ्यायला येणाऱ्याला कशासाठी येतोय ते ठाऊक असतं. तुमच्या त्या मुलीला ठाऊक नव्हतं.

---

कृष्णाकाठ · १५ एप्रिल, रात्री ११:०५

ओंजळ, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. खरं आहे.

पंचगंगेची लेक, आमच्याकडे तबक असतं. यंदा नसेल.

---

गूळपोळी · १६ एप्रिल, सकाळी ११:२०

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं मत मांडतो.

मी एका छोट्या ट्रस्टचा खजिनदार आहे. वर्षभर वस्तूंची दुरुस्ती, खोलीचं भाडं, टेम्पोचा खर्च कुठून येतो ते मला विचारा. पतसंस्थेच्या अध्यक्षांची ओळख एका वाक्यात उरकली आणि त्यांना वाटलं आपला मान राखला नाही, तर पुढच्या वर्षीच्या दोन खाटा गेल्या. देणारा माणूसही माणूसच असतो. त्यालाही सभागृहात आपलं नाव आदराने घेतलेलं हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. सत्कारमूर्तींना वर आणायचं म्हणून देणगीदाराला खाली ढकलू नका.

---

हडसनपार · १६ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

गूळपोळी यांचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर इकडची पद्धत सांगते. मी न्यू जर्सीत राहते. इथली मराठी माणसं भारतातल्या कामांसाठी बऱ्याच वर्षांपासून निधी जमवतात. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून आहे आणि १९९४ पासून महाराष्ट्रातल्या साहित्यिकांना, कार्यकर्त्यांना पुरस्कार देतं. मी स्वतः इथल्या अनेक निधी-भोजनांना स्वयंसेवक म्हणून राबले आहे.

देणगीदारांची नावं आम्ही पुस्तिकेत छापतो आणि लोक आत येऊन बसेपर्यंत पडद्यावर फिरत ठेवतो. सगळ्यांना दिसतात, कुणाचं राहत नाही, रकमेवरून उंच-नीच होत नाही, आणि माइकची मिनिटंही जात नाहीत. मुख्य देणगीदाराला मात्र काम देतो. तो मंचावर येतो आणि सत्कारमूर्तीची ओळख तोच करून देतो. त्याच्या हातात लिहिलेली दीड मिनिटाची ओळख असते. त्याचा मान राहतो, आणि जे काम तो पैशाने उभं करतोय ते त्याच्या स्वतःच्या तोंडून बोललं जातं. ओळख वाचताना आवाज कापरा झालेले उद्योजक मी पाहिले आहेत.

आणखी एक. देणगीचं आवाहन सत्कारमूर्तींच्या ओळखीला चिकटवू नका. "यांनी इतकं सोसलं, आता आपण खिशात हात घालूया" हे ऐकताना मंचावरच्या माणसाला आपण वस्तू असल्यासारखं वाटतं. सत्कार पुरा होऊ दे, ती व्यक्ती बोलू दे, टाळ्या संपू देत. मग वेगळ्या माणसाने उठून केंद्राचा हिशेब मांडावा आणि आवाहन करावं.

---

गूळपोळी · १६ एप्रिल, रात्री ८:३०

अध्यक्षांनाच ओळख करून द्यायला लावायची, हे आवडलं. आमच्याकडेही करून बघतो.

---

रंगपट · १७ एप्रिल, रात्री १२:१५

सगळे पाहुणे आणि सत्कारमूर्तींबद्दल बोलत आहेत. मला वाटतं त्या सभागृहात पहिली ओळख आईची व्हायला हवी.

श्रीराम लागू आणि दीपा लागू यांचा मुलगा तन्वीर लोकलवर भिरकावलेल्या दगडाने गेला. त्याच्या नावाने रूपवेध प्रतिष्ठान रंगकर्मींना 'तन्वीर सन्मान' देतं, ९ डिसेंबरला, म्हणजे त्याच्या वाढदिवशी. गेल्याच्या तारखेला नाही. तारीख कुठली निवडली यातच त्या माणसाची ओळख येते. तुम्हीही १२ मे निवडला आहे. तो का निवडला, हे सभागृहाला ठाऊक आहे का? तुम्ही इथे एका वाक्यात लिहून पुढे गेलात. आई तो दिवस सणासारखा पाळायची म्हणजे काय करायची? ते सांगा. तिची प्रतिमा, हार, "त्या प्रेमळ होत्या" यातून ती दिसत नाही.

डॉ. लागू, निळू फुले आणि मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग केले होते, कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. मला त्यातला 'कृतज्ञता' हा शब्द फार मोलाचा वाटतो. मदत म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली येतो. कृतज्ञता म्हटलं की आपण देणेकरी ठरतो. तुमच्या निवेदनात 'मदत' किती वेळा आणि 'कृतज्ञता' किती वेळा येते ते मोजा.

बाकी लांबीचं म्हणाल तर पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाऊन बसा. १९५३ पासून गुरूच्या स्मृतीत चालत आलेला महोत्सव, मंचावर दिग्गज, आणि आनंद देशमुखांचं निवेदन ऐका. कलाकार कोण, कुणाचा शिष्य, साथीला कोण, आणि माइक गाण्याच्या हाती.

---

कृष्णाकाठ · २० एप्रिल, रात्री ९:४०

रंगपट, तुमच्या प्रश्नाने आम्ही तिघं भावंडं दोन तास बोलत बसलो. १२ मेला आई पांढरी साडी स्वतः इस्त्री करायची, एरवी ते बाबांचं काम. वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला नाव घेऊन हाक मारायची, खाटेच्या नंबराने नाही. एरवी गडबडीत नंबर तोंडात यायचा, म्हणून वर्षातला एक दिवस तिने नेमच केला होता. धाकट्याला हे माहीतच नव्हतं.

आता आशाताईंच्या ओळखीचा कच्चा मसुदा देते. फाडून काढा.

"समाजसेवेचा वसा घेतलेल्या, तळागाळातील माता-बालकांच्या आरोग्यासाठी अहोरात्र झटणाऱ्या, हसतमुख व्यक्तिमत्त्वाच्या आशाताई..."

---

खडूफळा · २१ एप्रिल, सकाळी ७:००

'वसा', 'तळागाळातील', 'अहोरात्र', 'व्यक्तिमत्त्व' चारही काढा. हे कुणालाही बसतं. त्यांनी काल काय केलं ते विचारा.

---

ओंजळ · २१ एप्रिल, सकाळी ९:१५

आशा काय करतात ते आकड्यांतच फार बोलकं आहे. साधारण हजार वस्तीमागे एक आशा. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या बाळाला बघायला तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं. बाळ घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची भेट वेगळी. नवजात बाळाची घरीच अशी काळजी घेतली तर मृत्यू किती कमी होतात, हे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवलं, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांना मिळून २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सन्मान दिला. म्हणजे तुमच्या मंचावर येणाऱ्या बाई त्या सन्मानाच्या मानकरी आहेत. हे त्यांना कुणी कधी सांगितलं असेल का?

---

पंचगंगेची लेक · २१ एप्रिल, दुपारी १२:४०

हे सांगाच. आणि त्या बसलेल्या असताना न सांगता, त्या उभ्या असताना सांगा.

---

कृष्णाकाठ · १४ मे, रात्री १०:५०

कार्यक्रम झाला. कालच लिहायचं होतं, पण खुर्च्या परत करण्यात दिवस गेला.

तिन्ही ओळखी आधी घरी जाऊन वाचून दाखवल्या. चालकदादांच्या ओळखीत मी "जिवाची पर्वा न करता गाडी पळवणारे" लिहिलं होतं. ते म्हणाले, "ताई, ते काढा. पर्वा न करता पळवली तर पेशंट दगावतो. मी खड्डा बघून चालवतो." मग तेच ठेवलं. मावशींनी एकच मागितलं, वॉर्डात त्यांच्याबरोबर झाडू मारणाऱ्या एका बाईंचं नाव घ्या, त्या आता नाहीत. घेतलं.

पतसंस्थेच्या अध्यक्षांना आशाताईंची ओळख करून द्यायची विनंती केली तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. कागद दोन दिवस आधी घेऊन गेले आणि पाठ करून आले. मंचावरचा मजकूर असा होता:

"डोंगराच्या पायथ्याच्या दोन वाड्या या ताईंकडे आहेत. बाळ जन्मलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जातात. ओढ्याला पाणी असलं तर वरच्या अंगाने चालत जातात. गेल्या पावसाळ्यात अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी एका बाळाचा श्वास मोजला आणि त्याच रात्री त्याला तालुक्याला हलवलं. ते बाळ आज सभागृहात आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशातल्या आशांना जो सन्मान दिला, त्यातला एक वाटा यांचा आहे. ताई, तो आम्ही तुमच्यापर्यंत पोचवतो आहोत."

बाळाचा उल्लेख त्याच्या आईला विचारून ठेवला होता. नाव घेतलं नाही. तिने स्वतःच त्याला उचलून वर धरलं.

आमदारसाहेब नेमके चालकदादांची ओळख चालू असताना आले. गेल्या वर्षी मी मध्येच थांबून स्वागत केलं असतं. यंदा वाचत राहिले. भावाने दारातून त्यांना आणून बसवलं, आणि ओळख संपल्यावर मी त्यांचं नाव घेतलं. ते काही बोलले नाहीत, उलट जाताना चालकदादांशी खड्ड्यांबद्दल उभ्यानेच बरंच बोलले.

आईची ओळख सुरुवातीला धाकट्याने करून दिली, इस्त्रीची आणि नावाने हाक मारण्याची. मग मावशींनी दिवा लावला. ओळखींना सगळ्या मिळून १४ मिनिटं लागली.

गेल्या वर्षीच्या त्या मुलीला निमंत्रण दिलं होतं. आली नाही. परीक्षा आहे असं तिच्या आईने सांगितलं.

---

हडसनपार · १५ मे, पहाटे ४:३०

तिला पुढच्या वर्षी निमंत्रण द्या, मंचावर न बोलावता. तुमचा केंद्राचा हिशेब कसा आहे? इथून चार जण मिळून एक खाट द्यायची म्हणतोय.

---

कृष्णाकाठ · १५ मे, सकाळी ८:१०

फाउलर खाटा ७ आहेत, सातही बाहेर. दोन घरं वाट बघतायत. खाटेपेक्षा आत्ता एअर बेडची गरज जास्त आहे, दोन फुटलेत. तपशील व्यक्तिगत निरोपात पाठवते.